एकसष्ट नंबरचा पिलर

आत्माराम राऊतांनी तेहेतीस वर्षं वर बघत सायकल चालवली आणि एकदाही पडले नाहीत, असं ते स्वतः सांगतात. त्यांना शेणखताच्या खड्ड्यातून सायकलीसकट वर काढल्याचं सांगणारे दोघेतिघे नंदाखाल गावात अजून हयात आहेत, पण आपण त्या वादात पडायला नको. आत्माराम वीज मंडळात लाईनमन होते. लाईनमनने वरच बघायचं असतं. तार कुठे सैल पडली, नारळाची झावळी कुठे तारेवर रेलली, कावळ्याने कुठल्या पोलवर घरटं बांधलं, हे सगळं सायकलवरून टिपायचं. प्रत्येक पोलवर लाल रंगात नंबर. दिसलं ते खिशातल्या डायरीत नंबरासकट लिहायचं आणि संध्याकाळी ऑफिसात बसून रजिस्टरमध्ये चांगल्या अक्षरात उतरवायचं. विरारपासून मांडवीपर्यंतचे पोल त्यांना तोंडपाठ होते. पाव्हणेरावळ्यांची नावं मात्र लग्नात हटकून चुकायची, तेव्हा बायको मागून कोपराने ढोसायची. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली.

लाईनमनच्या कामाचे त्यांचे तीन नियम होते. पोलवर एकट्याने चढायचं नाही. एक वर, एक खाली. चढण्याआधी लाईन बंद करून स्विचला पत्र्याची लाल पाटी अडकवायची, 'माणसे काम करीत आहेत', आणि ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. तिसरा नियम, बिघाड दिसला की त्याच दिवशी कळवायचा. हा तिसरा नियम आत्मारामांनी आयुष्यात एकदाच मोडला. एका गुरुवारी त्यांना एका पोलचा ताण, म्हणजे त्याला धरून ठेवणारी तार, गंजलेला दिसला होता. घरी पुतणीची हळद होती. सोमवारी लिहू म्हणाले. शनिवारी त्या पोलवर रामू म्हसकर चढला आणि पोल कलला. रामू वाचला, पण जन्माचा लंगडा झाला. त्याने कधी एका शब्दाने आत्मारामांना बोल लावला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

निवृत्तीनंतर ते विरार पूर्वेला मुलाच्या, विघ्नेशच्या, फ्लॅटमध्ये राहायला आले. गावची वाडी धाकटा भाऊ बघतो. बरोबर काय आणलं, तर सायकल, पक्कड, डायऱ्यांचा गठ्ठा आणि एक लाल पाटी. पाटी सूनबाईंनी, विनयाने, हसत हसत स्वयंपाकघराच्या दारामागे टांगली. "खरंच आहे की, बाबा, इथेच तर माणसं काम करतात," म्हणाली.

सोसायटीच्या मागच्या बाजूने नवी उंच रेल्वे चालली होती. म्हणजे गाडी अजून धावत नव्हती, नुसते पिलर उभे होते. तीन मजले उंच, एकामागे एक, डोंगराच्या पायथ्याने थेट उत्तरेला गेलेले. कुठे वर पुलाचे सिमेंटचे गाळे बसले होते, कुठे नुसतीच पिलरची डोकी. आणि प्रत्येक पिलरवर नंबर! आत्मारामांना कोण आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सायकलमध्ये हवा भरली. तेव्हापासून रोज सकाळी पिलरखालून फेरी. आज पंचवीसपर्यंत, उद्या तीसपर्यंत. तेहेतीस वर्षं ज्या मुलखात हिंडले तो आता त्यांना ओळखू येत नव्हता. भाताची खाचरं होती तिथे सोळा सोळा मजले उभे होते, तळं होतं तिथे मॉलची पाटी होती. पण पिलरखालून गेलं की सगळं शहर ओळीत लावल्यासारखं वाटायचं. "लाईन धरली की माणूस चुकत नाही," असं ते विनयाला सांगायचे.

आणि नेमके तेव्हाच ते चुकायला लागले.

पहिल्यांदा शेजारच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन एका परक्या दाराशी दहा मिनिटं किल्लीशी झटापट केली. आतल्या बाई घाबरल्या. त्याचं हसू झालं. सगळ्या बिल्डिंगा सारख्याच, कोणीही चुकेल. दुसऱ्यांदा मात्र हसू आलं नाही. दूध आणायला म्हणून निघालेले आत्माराम पार रेल्वे ओलांडून, आगाशी मागे टाकून राजोडीच्या किनाऱ्यावर पोचले आणि तिथून त्यांनी घरी फोन केला, की दूध गाईचं हवं की म्हशीचं.

विघ्नेशने त्या दिवशी अर्धी रजा टाकली. बाप किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली सायकल टेकवून शांत बसलेला त्याने पाहिला. घरी आल्यावर तो ओरडला. ओरडला, कारण घाबरला होता.

"बाबा, बस झालं. सायकल मी गावी काकांकडे नेऊन ठेवतो."

"मग मला पण ने," आत्माराम म्हणाले. "पोत्यात घालून."

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आत्मारामांनीच तोड काढली. रविवारी सकाळी सातला निघतो. आपल्या मागच्या अठरा नंबरच्या पिलरपासून डोंगराच्या तोंडापर्यंत जातो, जिथे पिलर संपतात तिथे. साडेदहाला घरात. एकटा. जमलं तर सायकल माझी आणि पुन्हा हा विषय नाही. नाही जमलं तर तू म्हणशील तसं.

"पिलरखाली कोण चुकतो रे?" ते म्हणाले. "लाईन आहे ती."

विघ्नेश कबूल झाला. विनयाने छोटा मोबाईल पूर्ण चार्ज करून सासऱ्यांच्या खिशात घातला आणि खिशाला सेफ्टी पिन लावली, शाळेत जाणाऱ्या पोराला लावतात तशी. आत्मारामांना राग आला, पण त्यांनी पिन काढली नाही.

एप्रिल महिना होता. सातला निघाले तेव्हा हवेत थोडा गारवा होता. अठरा, एकोणीस, वीस. सगळं ओळखीचं. तीसनंतर बिल्डिंगा विरळ झाल्या. चाळिसाच्या पुढे रस्ता कच्चा, दोन्ही अंगांना पेंढ्यांच्या गंज्या आणि मधूनच वीटभट्टी. प्रत्येक पाच पिलरमागे ते उतरायचे, डायरी काढायचे, नंबर आणि वेळ लिहायचे. मान वर करून चालवत होते आणि पडत नव्हते. स्वतःवरच खूश होती स्वारी.

एकसष्ट नंबरच्या पिलरच्या सावलीत एक बाई ताडगोळे विकायला बसली होती. वय पन्नाशीचं, डोक्याला ओढणी, समोर टोपलीत हिरव्या पानांवर सोललेले ताडगोळे. आत्माराम टेकले. तिने न मागता तांब्या पुढे केला. पाणी गार होतं, माठातलं. ते प्यायले, विनयाला आवडतात म्हणून डझनभर ताडगोळे पिशवीत बांधून घेतले, पिशवी हँडलला लावली आणि डायरीत लिहिलं: '६१. ८.३५. ताडगोळेवाली. पाणी दिले. भली बाई.'

पुढे पंचाहत्तरला निळे पत्रे आडवे आले. काम चालू होतं, रस्ता बंद. हेल्मेटवाल्या माणसाने हाताने गावातून जा म्हणून दाखवलं. आत्माराम गावात शिरले. शाळा, नव्या रंगाचं मारुतीचं देऊळ, एक विहीर जिच्यावर जाळी होती. उजवीकडे वळले, मग परत उजवीकडे, मग एका ठिकाणी रस्ता कोणाच्या तरी अंगणात संपला. अंगणातली म्हातारी म्हणाली मागे जा. मागे गेले. देऊळ परत आलं, पण हा मारुती शेंदरी होता आणि मघाचं देऊळ निळं होतं, की मघाचाच मारुती शेंदरी होता? पिलर दिसत होते, घरांच्या मागे, पण एकदा डाव्या हाताला दिसायचे आणि वळण घेतलं की उजव्या. डोंगर मघाशी उजवीकडे होता. आता दोन्हीकडे डोंगर होते. विरारचे डोंगरही वसईच्या माणसांसारखे, एक विचारावा तर चार नातेवाईक निघतात.

ते पिलरखाली आले तेव्हा त्यांना हायसं वाटलं. नंबर वाचायला मान वर केली. एकसष्ट.

आत्माराम उतरले. डोळे पुसून पुन्हा वाचलं. सहा आणि एक. मघाशी एकसष्ट गेला होता. तिथे सावली रस्त्याच्या अलीकडे होती, ही पलीकडे आहे. तिथे समोर मोकळं माळरान होतं, इथे ट्रक उभा आहे. पण टोपली होती, ओढणीवाली बाई होती. मघाशीही बाई होती. एकीसारखी दुसरी बाई असू शकते. पण एकसारखा दुसरा नंबर? त्यांच्या सगळ्या नोकरीत एका लाईनवर एक नंबर दोनदा आला नव्हता. आला असता तर भलत्याच पोलवर चढून माणूस मेला असता.

"काका, परत आले तुमी?" बाई म्हणाली. "सकालधरनं तिसऱ्यांदा बघतंय मी तुमाला. काय शोधताव? बसा, पानी प्या."

"तिसऱ्यांदा कसं?" आत्माराम म्हणाले. "मी आत्ता येतोय इकडे."

बाईने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि तांब्या भरला. आत्माराम प्यायले. ऊन आता टाळूवर आलं होतं. या लोकांना सगळेच सायकलवाले सारखे दिसत असणार, त्यांनी मनाशी ठरवलं. आणि ठेकेदाराने दोन्ही टोकांकडून नंबर टाकत आणले असणार, त्यामुळे एकसष्ट दोन झाले. हे पटण्यासारखं होतं. हँडलला पिशवी लटकत होती, तरी भल्या बाईचं पाणी फुकट प्यायला नको म्हणून त्यांनी आणखी डझनभर ताडगोळे घेतले. सवयीने घड्याळ बघून, वरच्या ओळी न वाचता डायरीत लिहिलं. मग काय लिहिलं ते ध्यानात आलं: अकरा वीस.

अकरा वीस? नऊ-साडेनऊ व्हायला हवे होते. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. मधला वेळ कुठे गेला? गावात इतका वेळ लागला? घरी साडेदहाला पोचायचं होतं. हरलोच की आपण. सायकल गेली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. पिन उघडायला वेळ लागला.

"बाबा, कुठे आहात?" विघ्नेशचा आवाज चढलेला होता. "मी स्कूटर घेऊन निघालोय तुम्हाला शोधायला. पण यार इथे काय लोचा झालाय कळत नाही, मॅप रोड दाखवतोय आणि समोर पत्रे ठोकलेत. मागे आलो तर दुसरेच पत्रे. तीन वेळा तोच उकिरडा आला. मला आता कुठून आलो तेच कळत नाहीये."

आत्माराम ताठ झाले. अंगात एकदम जुनं वारं भरलं.

"थांब. हलू नको. आजूबाजूला विजेचा पोल आहे का? जुना, लोखंडी?"

"पोल... हो, आहे एक. वाकडा."

"वाकडा कुठल्या बाजूला?"

"ओढ्याच्या. बाबा, त्याचं काय—"

"त्याच्यावर लाल नंबर असेल. पुसट. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर."

थोडा वेळ नुसता स्कूटरचा आवाज आला. "चौदा. चौदा दिसतंय."

"चौदा! तू जुन्या भातगिरणीच्या मागे आहेस. गिरणी नसेल आता. पोल ओढ्याकडे वाकलाय ना? पुरात वाकलाय तो. त्याच्याकडे पाठ कर. समोर चढ आहे. चढावर पोल तेरा, त्याला डीपी आहे, मोठी पेटी. डीपीवरून डाव्या हाताला. सरळ ये. पिलर लागला की मी दिसेन तुला."

सहा मिनिटांत विघ्नेश आला. घामाने निथळत होता. स्कूटरवरून उतरून त्याने बापाचे दोन्ही खांदे धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

"बाबा, गूगलला जमलं नाही ते तुम्ही फोनवरून केलंत!"

"दोन एकसष्ट आहेत इथे," आत्माराम म्हणाले. "म्हणून उशीर झाला. ठेकेदाराची चूक."

"असतील! दहा असतील!" विघ्नेश हसत सुटला. "मी स्वतः चुकलो की. इथे कोणीही चुकेल."

ताडगोळेवाली बाई दोघांकडे बघत होती. मग तिने पानावरच्या माश्या हाकलल्या.

घरी जेवताना विघ्नेशने सगळी गोष्ट विनयाला दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळच्या गोष्टीत ओढ्याला पूर आलेला होता. सायकल बाबांचीच राहील, असं त्याने ताटावरच जाहीर केलं. विनयाने पिशव्या रिकाम्या केल्या. "अहो बाबा, तीन डझन ताडगोळे! सोसायटीत वाटायचेत का?" सगळे हसले. आत्मारामही हसले. मग त्यांचं हसू तोंडातच राहिलं. तीन?

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ते गॅलरीत बसले. दिवसाची डायरी चांगल्या अक्षरात उतरवायची सवय सुटली नव्हती; एक जुनं रजिस्टर त्यासाठी होतंच. अठरा, वीस, पंचवीस. उतरवत उतरवत एकसष्टला आले.

'६१. ८.३५. ताडगोळेवाली. पाणी दिले. भली बाई.'

पान उलटलं.

'६१. १०.०५. ताडगोळेवाली. पाणी दिले. भली बाई.'

आणि खाली:

'६१. ११.२०. ताडगोळेवाली. पाणी दिले. भली बाई.'

अक्षर त्यांचंच. आठ पस्तीसचं आठवत होतं. अकरा वीसचं आठवत होतं. दहा पाचचं काहीच नव्हतं. त्यांनी डोळे मिटून शोधलं. पाणी प्यायल्याचं, पिशवी बांधून घेतल्याचं, पेनाचं टोपण काढल्याचं. काही म्हणजे काही नव्हतं. ती बाई खरं बोलत होती. एकसष्ट एकच होता.

एक पान फाडलं की झालं. कोणाला कळणार होतं? विघ्नेशने स्वतःच्या तोंडाने सायकल दिली होती. चौदा नंबरचा पोल खोटा नव्हता, तो तर लख्ख आठवला. मग दहा पाच कुठे गेलं? आज गेलं ते उद्या येणार आहे का, की उद्या आणखी जाईल? त्यांना भीती वाटली, पोलवर पहिल्यांदा चढताना वाटली होती त्याहून जास्त. पान त्यांच्या दोन बोटांत होतं. सोमवारी बघू, असं त्यांच्या मनात आलं, आणि रामू म्हसकर आठवला, पाय ओढत ऑफिसच्या पायऱ्या चढणारा.

ते उठले. स्वयंपाकघराच्या दारामागची पाटी काढली, लिफ्टने खाली पार्किंगमध्ये गेले आणि ती सायकलच्या हँडलला अडकवली. मग वर येऊन त्यांनी झोपलेल्या विघ्नेशला हलवलं.

"बिघाड आहे," ते म्हणाले. "हे बघ. तीनदा."

विघ्नेशने डायरी वाचली. पुन्हा वाचली. "बाबा, होतं असं उन्हात," तो म्हणाला, पण त्याचाच आवाज त्याला पटला नाही.

"उन्हातलं नाही हे. मी सायकल बंद केलीय. पाटी लावलीय," आत्माराम म्हणाले. "तू हात लावू नको. मी लावलीय, मीच काढेन."

त्या आठवड्यात डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या आल्या. डॉक्टरांनी बरंच सांगितलं, त्यातलं अर्धं विघ्नेशने घरी आणलं आणि अर्धं जिन्यातच गिळलं. सायकल पार्किंगमध्ये उभी होती. येता-जाता वॉचमन पाटी वाचायचा आणि कुठलं काम चाललंय म्हणून टायर बघायचा.

रविवारी सकाळी सातला विघ्नेशने बापाला खाली बोलावलं. तो एक सायकल धरून उभा होता, ऑफिसातल्या मित्राची, बारीक टायरची. वीस वर्षांत तो सायकलवर बसला नव्हता. खिशात बापाची डायरी होती.

"एक वर, एक खाली. असंच ना?" तो म्हणाला.

आत्मारामांनी मान डोलावली.

"मग पाटी काढा. मी खाली आहे."

पाटीची दोरी आत्मारामांकडून लवकर सुटेना. विघ्नेशने हात लावला नाही. तो उभा राहिला.

अठरा, एकोणीस, वीस. पुढे आत्माराम, मान वर; मागे विघ्नेश, दोन वेळा पडता पडता वाचलेला. एकसष्टच्या सावलीत ती बाई होती. दोघांना बघून तिने तांब्या भरला. आत्माराम पाणी प्यायले, तोंड पुसलं, टोपलीकडे पाहिलं, मग बाईकडे, आणि मुलाकडे वळून हळूच म्हणाले, "न मागता पाणी दिलं बघ. भली बाई आहे. लिहून घे."

विघ्नेशने टोपण काढलं आणि त्या तीन नोंदींच्या खाली चौथी लिहिली.